ट्यूलिपची बखर

बागांच्या इतिहासांतील चमत्कारिक गोष्टी निघाल्या म्हणजे हॉलंडांतील ट्यूलिपच्या वेडाची गोष्ट हटकून पुढें येते. तिचें आजचें रूढ रूप चार्ल्स मॅके ह्या स्कॉच ग्रंथकारानें सिद्ध केलें. लोकसमूहाच्या भ्रमांवरील त्याचा ग्रंथ १८४१ सालीं निघाला. मॅकेची लेखणी रसाळ आहे हें आम्ही आनंदानें मान्य करितों. परंतु तिची साक्ष तपासून घेणें अवश्य आहे.

त्याची खलाशाची गोष्टच पहा. व्यापाऱ्यानें खुशीनें दिलेला हेरिंग मासा घेऊन खलाशी निघाला; जातां जातां रेशमी कापडांत पडलेला एक कंद त्यानें कांदा समजून उचलला आणि धक्क्यावर बसून माशाबरोबर खाल्ला. तो निघाला 'सेम्पर ऑगस्टस' जातीचा, किंमत ३००० फ्लोरिन! बिचारा तुरुंगांत गेला. एवढ्या मोलाचा ऐवज असा उघडा टाकणारा व्यापारी आम्हांस तरी पटत नाहीं. (१९४४-४५ च्या हिवाळ्यांत उपासमारीनें गांजलेल्या डच लोकांनीं ट्यूलिपचे कंद खाल्ले, ही गोष्ट मात्र खरी आहे, तींत गंमत कांहीं नाहीं.)

मॅकेची भिस्त बऱ्याच अंशीं जर्मन पंडित बेकमान ह्याजवर, आणि बेकमानच्या मुळाशीं १६३७ सालचीं उपहासात्मक पत्रकें. बखरकारानें रंगवावें व पुढच्यानें तेंच उतरून घ्यावें, हा प्रकार मराठी वाचकांस नवा नाहीं. राजवाड्यांनीं अस्सल पत्रांचा आग्रह धरिला तो ह्याचसाठीं. हॉलंडच्या बाबतींत तें काम ॲन गोल्डगार ह्या विदुषींनीं केलें. हार्लेम वगैरे शहरांचीं दप्तरें धुंडाळून त्यांनीं २००७ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. ट्यूलिपपायीं दिवाळें निघालेला माणूस त्यांस आढळला नाहीं. सट्टा करणारे बहुतेक सुखवस्तु व्यापारी व कारागीर होते. हिवाळ्यांत कंद जमिनींत असत, म्हणून सौदे वायद्याचे होत. पैसे उन्हाळ्यांत, कंद उपटल्यावर द्यावयाचे. फेब्रुवारी १६३७ मध्यें भाव कोसळले तेव्हां बहुतेकांनीं दमडीहि मोजलेली नव्हती. त्यांनीं सरळ हात वर केले. पुढें १६३८ सालीं हार्लेमच्या नगरसभेनें ठरीव किंमतीच्या शेंकडा साडेतीन देऊन सौदा मोडण्याची मुभा दिली. घरें बुडालीं नाहींत. बुडाली ती शब्दाची पत, आणि व्यापाऱ्यांच्या त्या समाजास हा घाव थोडाथोडका नव्हता. मॅकेच्या प्रकरणांत ह्या घावाला शोभेल इतकें वजन नाहीं.

ह्याहून विलक्षण गोष्ट मॅकेस ठाऊक असणें शक्यच नव्हतें. ज्या तांबड्या-पांढऱ्या ज्वालांसारख्या पट्ट्यांसाठीं लोक जीव टाकीत, ते पट्टे हें रोगाचें लक्षण होतें. हा रोग एका कंदापासून दुसऱ्यास लागतो, हें डोरोथी केली ह्यांनीं १९२८ सालीं कलमें बांधून दाखविलें. त्याचा विषाणू मावा पसरवितो. रोगानें कंद क्षीण होतो, त्याला पिल्लें कमी फुटतात. म्हणजे जें कारण फुलास सुंदर करी तेंच त्यास दुर्मिळहि ठेवी. कितीहि भाव आला तरी माळ्यास माल वाढवितां येईना, ह्याचें कोडें येथें उलगडतें. अशा फुलावर लुब्ध होणाऱ्यांस सरसकट वेडे ठरविणें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं.

मॅकेचा ग्रंथ अद्यापि छापला जातो, व जावा. नव्या आवृत्तीच्या संपादकांनीं खलाशाच्या गोष्टीखालीं निदान एक टीप द्यावी, एवढीच आमची सूचना आहे.