गौरव कोणाच्या माथी? कांद्याच्या भावाचं पान आणि न्यायशास्त्र

नामपुरात बोलायचं तर कांद्यापासूनच सुरुवात करावी लागते. मागच्या उन्हाळ्यात आम्ही एका शेतकऱ्याच्या चाळीपाशी बसलो होतो. ट्रॅक्टर भरायचा की माल ठेवायचा, हे ठरवायला तो मोबाईलवर भाव बघत होता. रेंजची एकच काडी. पानावर चक्र गरगरत राहिलं, भाव काही दिसेना. शेवटी त्यानं फोन करून विचारलं.

त्या पानावर हवं होतं काय? आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर. म्हणजे एक तक्ता. त्याची सोय एचटीएमएलमध्ये १९९७ सालीच प्रमाणित झाली होती. पण आज काय होतं बघा. सर्व्हरकडून आधी जवळजवळ रिकामं पान येतं, मागून जावास्क्रिप्टचा भारा येतो. फोन तो वाचतो, चालवतो, मग पुन्हा सर्व्हरकडे आकडे मागतो आणि तेव्हा कुठे तक्ता उभा राहतो. रेंज मध्येच गेली की सगळं मुसळ केरात!

आमच्या न्यायशास्त्रात 'लाघव' हा गुण आहे आणि 'गौरव', म्हणजे जडपणा, हा दोष. लाघव तीन प्रकारचं: शरीरकृत, उपस्थितिकृत आणि संबंधकृत. वेबच्या पानालाही आम्ही हेच लावतो. शरीरकृत म्हणजे पान वजनानं हलकं. उपस्थितिकृत म्हणजे हवी ती गोष्ट आधी समोर. संबंधकृत म्हणजे दुसऱ्यावर कमीत कमी अवलंबून. हे तिसरं फार महत्त्वाचं, बरं का. मार्च २०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड' नावाचा अवघ्या ११ ओळींचा कोड त्याच्या लेखकानं काढून घेतला, आणि त्यावर विसंबलेल्या जगभरच्या कितीतरी प्रकल्पांची बांधणी अडली.

पोरं म्हणतात, "सर, फ्रेमवर्कनं काम लवकर होतं." होतं ना! पण कोणाचं? लाघव बनवणाऱ्याला आणि गौरव वाचणाऱ्याला, अशी ही वाटणी आहे. बनवणारा ते पान वेगवान वायफायवर तपासतो. वाचणारा बांधावर उभा असतो.

मग फ्रेमवर्क टाकाऊच का? तसं आम्ही म्हणत नाही. 'फलमुख गौरव' दोष नाही, असंही नैयायिक सांगतात. जडपणातून फळ मिळत असेल तर तो चालतो. अनेकांनी एकाच वेळी भरायचा हिशेबाचा तक्ता किंवा बोटानं सरकवायचा नकाशा जावास्क्रिप्टशिवाय कसा होणार? पण चार आकडे वाचायला एवढा पसारा कशाला? मराठी विकिपीडियाचा लेख जावास्क्रिप्ट बंद करूनही वाचता येतो. आधी मजकूर, वरची सजावट नंतर.

तेव्हा इथल्या मुलांना एकच सांगणं. पान बनवलंत की जावास्क्रिप्ट बंद करा, रेंज कमी असलेल्या शिवारात जा आणि भाव दिसतो का बघा. दिसला नाही, तर गौरव तुमचं आहे आणि नुकसान दुसऱ्याचं.