मंदाबी : उधारी आणि कागद

सेनेगलचे लेखक-दिग्दर्शक उस्मान सेंबेन यांनी आपल्याच लघुकादंबरीवरून १९६८ साली ‘मंदाबी’ हा चित्रपट वोलोफ भाषेत काढला. मंदाबी म्हणजे मनीऑर्डर. डाकार शहरातल्या बेकार इब्राहिमा दिएंगला पॅरिसमध्ये रस्ते झाडणारा भाचा २५,००० फ्रँक पाठवतो. त्यात दिएंगचे फक्त २,०००; बाकी भाच्याची अमानत आणि त्याच्या आईचा वाटा.

पैसा हाती येण्याआधीच तो खर्च होऊ लागतो. दिएंगच्या दोघी बायका मनीऑर्डरच्या भरवशावर म्बार्काच्या दुकानातून उधारीवर तांदूळ आणतात. शेजारी हातउसने मागायला येतात. मोहल्ल्यात तोंडओळख पुरते. पोस्टात मात्र ओळखपत्र हवे, त्यासाठी जन्मदाखला हवा, आणि दिएंगला आपली जन्मतारीखच ठाऊक नाही.

सेंबेन मोहल्ल्याचे कौतुक करत बसत नाहीत. उधारी थकताच तोच म्बार्का घर विकायची गोष्ट काढतो. दिएंगही गर्विष्ठ आणि ऐतखाऊ आहे. त्याच्या फजितीवर आपण हसतो. पण शिकलेला नातलग म्बाये त्याच्याकडून मुखत्यारपत्र घेऊन सगळी रक्कम गिळतो, तेव्हा हसू विरते.

दाखल्यातल्या एका अक्षरापायी खेपा घालणारे पालक आम्ही शिक्षक नेहमीच पाहतो. अडाण्याचा कागद शिकलेल्याच्या हाती आला, की तो अमानत ठरतो की शिकार? ‘मंदाबी’ हा सवाल शिकलेल्यांना विचारतो. म्हणून आपण तो पाहायला हवा.