इथे बघायला काय आहे?

पुण्याहून आलेल्या आईबाबांना पहिल्यांदा लेक क्रॅबट्रीला नेलं, तेव्हा गाडीतून उतरताच बाबांनी विचारलं, "इथे बघायला काय आहे?" तळं, पाइनची झाडं, मातीची पायवाट. मी म्हटलं, "एवढंच." महिनाभरात तेच रोज संध्याकाळी बूट घालून दारात उभे राहायला लागले.

बाबांचा प्रश्न भोळा होता. तोच प्रश्न जमिनीचा मालक विचारतो तेव्हा मात्र काळजी वाटते. मॉरिसव्हिलचं हे पार्क वेक काउंटी चालवते, पण जमीन रॅले-डरॅम विमानतळ प्राधिकरणाची, भाडेपट्ट्याने घेतलेली. प्राधिकरणाच्या ‘व्हिजन २०४०’ आराखड्यात पायवाटांची ही जमीन व्यावसायिक विकासासाठी दाखवली गेली आणि सायकलवाले, पळणारे, आसपास राहणारे विरोधात उभे राहिले.

प्राधिकरणाची बाजू खोटी नाही. विमानतळाच्या जमिनीतून बाजारभावाने उत्पन्न मिळावं, असा केंद्राचा नियम आहे आणि विमानतळ तर आपल्यालाच सगळ्यात जास्त लागतो. गोम आहे ती ‘बाजारभाव’ या शब्दात. हॉटेल भाडं भरतं, दुकान भरतं, ओकचं झाड भरत नाही. हीच एक मोजपट्टी धरली तर झाडं दरवेळी हरणार.

दुसरी मोजपट्टी लांब शोधायला नको. शेजारचं अमस्टेड स्टेट पार्क सुमारे साडेपाच हजार एकरांचं. १९३४ पासून केंद्र सरकारने इथली कस गेलेली शेतं विकत घेतली, मंदीत काम गेलेल्या तरुणांकडून रस्ते आणि कॅम्प बांधून घेतले आणि १९४३ साली ही जमीन राज्याला एका डॉलरला दिली. अट एकच : ती लोकांच्या उद्यानासाठीच वापरायची. त्या वेळी कोणी बाजारभाव लावला असता, तर आज तिथे पार्क नसतं. आणि याच पार्कच्या कुंपणाला लागून असलेली सुमारे १०५ एकर जमीन प्राधिकरणाने २०१९ मध्ये दगडखाणीसाठी भाड्याने दिली.

आपण मराठी माणसं या वादात बहुधा गप्प असतो. लोणावळ्याच्या टायगर पॉइंटला काचेचा स्कायवॉक होणार, ही बातमी आपल्या व्हॉट्सॲप गटात आली, तेव्हा अंगठ्यांचा पाऊस पडला. पावसाळ्यातली ती दरी नुसती बघायला पुरेशी नाही, तिच्यावर काहीतरी उभारलं की मगच ते ‘ठिकाण’ होतं, हे आपणही मानून चाललो आहोत.

विमानतळाला भाडं हवं असेल तर काउंटीने ते लोकांच्या पैशातून द्यावं, जसं वाचनालयासाठी देतो. माझा कर त्यासाठी वापरला तर माझी तक्रार नाही. आपल्यातल्या अनेकांना इथे मत देता येत नाही, पण काउंटीच्या बैठकीत तीन मिनिटं बोलायला नागरिकत्व लागत नाही.