आंबेडकरी जलशांच्या वह्या : एक उपेक्षित साधन

‘जरीपटका’ हा शब्द कानीं पडतांच आमच्या वाचकांस मराठ्यांच्या निशाणाचें स्मरण व्हावें, हें स्वाभाविक आहे. नागपुरांत मात्र जरीपटका म्हणजे शहराच्या उत्तर भागांतील एक वस्ती होय. १९४७ च्या फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनीं ती गजबजली; आणि तिच्या शेजारचें इंदोरा हें आंबेडकरी चळवळीचें जुनें ठाणें आहे. निशाणाविषयींचे कागद आम्ही संशोधक साक्षेपानें जमवितों; परंतु त्या नांवाच्या वस्तीशेजारीं जीं गाणीं गाइलीं गेलीं, त्यांच्या वह्यांकडे आमचें लक्ष गेलेलें नाहीं. भीमराव कर्डक यांचा ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ (१९७८) हा ग्रंथ पुन्हा वाचतांना ही उणीव आम्हांस विशेष जाणवली.

जलशाचें कूळ तमाशाचें. सत्यशोधक समाजाच्या (स्थापना १८७३) अनुयायांनीं ती बैठक लोकजागृतीकडे वळविली, आणि पुढें आंबेडकरी कलावंतांनीं तिला आपलें रूप दिलें. गणाचा सांचा राहिला, पण स्तवनाचा विषय बदलला, गौळण गळाली, वगाच्या जागीं शिक्षण, व्यसन, अस्पृश्यता यांवरील प्रसंग आले. महाडचा १९२७ चा आणि नाशिकचा १९३० चा सत्याग्रह अक्षरशत्रु श्रोत्यांपर्यंत पोंचविण्याचें काम ढोलकीनें केलें.

कर्डक हे स्वतः जलशाचे प्रमुख. त्यांचा ग्रंथ ही कर्त्याची साक्ष आहे. बाहेरच्यास जें दिसणार नाहीं तें ती दाखविते. तथापि साक्ष कितीही प्रामाणिक असली तरी ती अनेक दशकांनंतरची आहे. स्मरण हें एक प्रमाण, समकालीन कागद हें दुसरें. एकाचें काम दुसऱ्यावर सोंपवितां येत नाहीं. म्हणून ग्रंथाचें मोल मान्य करूनही आम्ही विचारतों, मूळ वह्या कोठें आहेत?

यावर कांहीं विद्वान् स्नेही म्हणतात कीं, वृत्तभंगानें भरलेली ही प्रचाराची रचना. तिचें जतन कशाला? संस्कृत छंदःशास्त्र शिकवितांना आम्हीही अनेक वर्षें हेंच म्हणत आलों, आणि तें चुकलें. अॅक्वर्थ व शाळिग्राम यांनीं १८९१ सालीं ऐतिहासिक पोवाडे छापले, तेव्हां मात्रा मोजून निवड केली असती तर आज आपल्या हातीं काय उरलें असतें? शिवाय हीं पदें वाचण्यासाठीं नव्हतींच. कागदावर लंगडणारी ओळ चालीवर सरळ चालते.

ही ‘चाल’च संशोधकास उपयोगी आहे. पदाच्या माथ्यावर ‘चाल’ म्हणून एखाद्या चित्रपटगीताचा उल्लेख असेल, तर ती नोंद त्या चित्रपटापूर्वींची असूं शकत नाहीं. पोथीच्या अखेरीस शक-संवत्सर सांपडावा तसाच हा आधार. मात्र जुन्या पदास पुढें नवी चाल लागलेली असूं शकते, हें विसरूं नये. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपुरांतील धर्मांतरानंतर स्तवनांत बुद्धवंदना ठळक झाली. तोही कालनिर्णयाचा एक पोषक पुरावा होय, निर्णायक नव्हे.

पाठभेदांचा प्रश्न याहून बिकट आहे. भांडारकर संस्थेनें १९६६ सालीं पूर्ण केलेल्या महाभारताच्या आवृत्तींत पोथ्यांच्या शाखा लावून प्राचीनतम पाठाकडे जातां आलें. येथें शाहीर गांवोगांव शब्द बदलीत असे. येथें प्रत्येक पाठ त्या त्या प्रयोगापुरता मूळच आहे. म्हणून एक शुद्ध पाठ सिद्ध करण्यापेक्षां सर्व पाठ जसेच्या तसे नोंदणें श्रेयस्कर.

परदेशाचें उदाहरण घ्यावयाचें तर अमेरिकेंतील मेक्सिकन वंशाच्या लोकांची चिकानो चळवळ पाहावी. १९६५ सालीं कॅलिफोर्नियांत डेलानो येथें द्राक्षमळ्यांतील मजुरांचा संप झाला. त्यांत लुईस वाल्देझ यांनीं ‘एल तेआत्रो कांपेसिनो’ ही मंडळी उभी केली. मजूरच नट, मालमोटारीची पाठ हीच रंगभूमि. १९७० सालीं सान दिएगोच्या रहिवाशांनीं पुलाखालची जागा बागेसाठीं ताब्यांत घेतली, आणि पुढें पुलाचे खांब चित्रांनीं भरले. जलशाशीं याचें साम्य उघड आहे. पण संबंध सुचविण्याइतका पुरावा नाहीं, आणि आम्ही तो सुचवीत नाहीं. आम्हांस भेद महत्त्वाचा वाटतो: त्या नाटकमंडळीचे कागद आज सांता बार्बरा येथील विद्यापीठाच्या संग्रहांत आहेत. आमच्या वह्या पेट्यांत, माळ्यावर आणि रद्दींत आहेत.

नागपुरास ही परंपरा परकी नाहीं. किसन फागूजी बनसोडे (१८७९–१९४६) यांनीं येथें शाळा, छापखाना आणि वृत्तपत्रें चालविलीं. अशा शहरांत तरी आमच्या संग्राहकांनीं गायकांच्या घरीं जावें. वही मागूं नये, नक्कल मागावी. वही कोणाची, पद कोणी, कोठें, कोणत्या चालीवर गाइलें, हें घरच्या वडील माणसांकडून लिहून घ्यावें. आणि नक्कल करतांना ऱ्हस्वदीर्घ सुधारूं नयेत. जन्मभर लाल शाई वापरलेल्या आमच्यासारख्यांस हें जड जाईल. पण त्या अशुद्धांतच, शाळेबाहेर अक्षर शिकलेल्या हाताची खूण आहे.