पक्ष्याचे नाव कळले, पुढे काय?

शाळेची निसर्गसहल निघाली की शिक्षकांच्या पिशवीत पुष्कळदा डॉ. सलीम अलींचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ असते. १९४१ साली निघालेले हे पुस्तक नवशिक्यांना आजही उपयोगी आहे. पक्षी केवढा, हे ते चिमणी, बुलबुल, मैना अशा ओळखीच्या पक्ष्यांशी तुलना करून सांगते. दुर्बीण नसलेल्या मुलालाही हे माप जमते. साऱ्या उपखंडातील पक्ष्यांची जाडजूड पुस्तके पुढे आली. पहिल्या सहलीला ती नकोत, असे आमचे मत आहे.

आमची तक्रार वेगळी आहे. प्रत्येक नोंदीत आकार व ओळखीच्या खुणा आधी येतात, सवयी आणि घरटे शेवटी. सहलीत वाचन खुणांपाशीच थांबते. नाव वहीत उतरते आणि पक्षी संपतो! (त्यात यादी लांबवण्याची चढाओढ असली तर विचारूच नका.)

वास्तविक सलीम अलींनी स्वतः १९३० साली अलिबागजवळ किहीमला सुगरणींची वसाहत पावसाळ्यात चिकाटीने न्याहाळली होती. नर घरटे अर्धेच विणतो. मादीने ते पसंत केले की पुरे करतो आणि दुसऱ्या मादीसाठी नवे विणू लागतो, हे त्यातून उलगडले. नोंदीच्या साच्यात असा निष्कर्ष मावतो, तो काढण्याची रीत मावत नाही.

विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीची घरटी दिसली, तर पावसाळाभर दर आठवड्याला तिथेच जावे. अर्धवट किती, पुरी किती, हे मुलांना मोजू द्यावे. पुस्तक नंतर उघडावे.