ध्वजदहन आणि कवितेची साक्ष

न्यायालयाचे निकालपत्र हा सामान्यतः वाङ्मयाच्या अभ्यासकाचा विषय नव्हे. परंतु एखाद्या प्रतीकाचा अर्थ कोणता आणि तो ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हाच प्रश्न न्यायासनापुढे उभा राहिला, म्हणजे समीक्षकाला केवळ प्रेक्षक होऊन राहता येत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २१ जून १९८९ रोजी ‘टेक्सास विरुद्ध जॉन्सन’ या खटल्यात दिलेला निकाल असाच आहे. त्यातील भिन्नमतपत्रात सरन्यायाधीश रेन्क्विस्ट यांनी आपल्या बाजूने कवितेची साक्ष काढली आहे. ती साक्ष कोणाच्या बाजूने जाते, हे तपासून पाहणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम घटना पाहू. ऑगस्ट १९८४ मध्ये डॅलस येथे रिपब्लिकन पक्षाचे अधिवेशन भरले असता रेगन-शासनाच्या धोरणाविरुद्ध निदर्शने झाली. त्यांच्या अखेरीस महापालिका-भवनासमोर ग्रेगरी ली जॉन्सन याने राष्ट्रध्वजावर रॉकेल ओतून तो जाळला. कोणास शारीरिक इजा झाली नाही. परंतु पाहणाऱ्यांपैकी अनेकांची मने दुखावली. टेक्सासच्या कायद्यान्वये जॉन्सनला एक वर्षाची कैद आणि २,००० डॉलर दंड अशी शिक्षा झाली. टेक्सासच्याच वरिष्ठ फौजदारी न्यायालयाने ती रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने जॉन्सनचीच बाजू उचलून धरली.

त्या कायद्याची शब्दयोजना लक्षणीय आहे. गुन्ह्याचे नाव ‘पूजनीय वस्तूची विटंबना’ असे होते आणि विटंबनेची व्याख्या करताना पाहणाऱ्याच्या मनाला गंभीर दुखापत होईल याची कर्त्याला असलेली जाणीव हा गुन्ह्याचा घटक मानला होता. म्हणजे गुन्हा नुसत्या ज्वाळेत नव्हता. तो तिच्यातून प्रेक्षकाला होणाऱ्या अर्थबोधात होता. न्यायमूर्ती ब्रेनन यांच्या बहुमतपत्राने नेमके याच गोष्टीवर बोट ठेवले आहे. जीर्ण झालेला ध्वज जाळूनच नष्ट करावा, हा तेथील मान्य संकेत आहे. तेव्हा क्रिया एकच. आदराने केली तर कर्तव्य, निषेधाने केली तर अपराध. दोहोंत फरक आहे तो केवळ आशयाचा. आणि आशयावरून शिक्षा करणे म्हणजे मताला शिक्षा करणे होय.

आता भिन्नमतपत्राकडे वळू. रेन्क्विस्ट यांचे प्रतिपादन दोन पायांवर उभे आहे. पहिला असा की, ध्वज ही इतर अनेक मतांपैकी एक मत नव्हे; कोट्यवधी नागरिकांच्या मनात त्याच्याविषयी जवळजवळ गूढ अशी श्रद्धा आहे. हे सिद्ध करण्यासाठी ते राष्ट्राचा युद्धेतिहास सांगतात, इमर्सनच्या ओळी देतात आणि व्हिटिअरची ‘बार्बरा फ्रीची’ ही कविता संपूर्ण उद्‌धृत करतात. दुसरा पाय असा की, ध्वजदहन हे विचारप्रकटन नसून अर्थशून्य हुंकार किंवा आरोळी आहे. जॉन्सनला शब्दांचे सर्व मार्ग मोकळे असताना त्याच्यापासून हा एकच मार्ग काढून घेतला, तर त्याचे काही बिघडत नाही.

हे दोन पाय एकमेकांत अडखळतात, असे नम्रपणे म्हणावे लागते. आपल्या परंपरेच्या परिभाषेत सांगायचे, तर ध्वजाचा वाच्यार्थ रंगीत कापड एवढाच. त्याचे सारे सामर्थ्य व्यंजनेचे आहे. ज्या वस्तूची व्यंजना सांगण्यासाठी शतकांचा इतिहास आणि एक अखंड कविता खर्ची घालावी लागते, तिला लावलेली आग तेवढी निरर्थक कशी ठरेल? ध्वज मुका असता, तर त्याच्या दहनाने कोणीही दुखावले नसते. श्रद्धेच्या खोलीचा जितका पुरावा सरन्यायाधीश देतात, तितका निषेधाच्या अर्थवत्तेचाही पुरावा ते नकळत देत जातात.

कवितेची साक्ष तर याहून उलट फिरते. व्हिटिअरच्या कथनात बंडखोर दक्षिणेचे सैन्य फ्रेडरिक या गावातून जात असते. एक वृद्धा खिडकीतून संघराज्याचा ध्वज फडकावते. सैनिक ध्वजावर गोळ्या झाडतात, तरी ती तो सोडीत नाही. आणि सेनापती जॅक्सन लज्जित होऊन तिच्या केसालाही धक्का लावू नये अशी आज्ञा देतो. प्रसंगाची ऐतिहासिक सत्यता वादग्रस्त आहे. परंतु काव्यार्थाला त्याने बाध येत नाही. या काव्याची नायिका ध्वज उंचावते, जाळीत नाही, हा भेद मोठा आहे व तो नाकारण्याचे कारण नाही. तथापि प्रसंगाची घडण पाहावी. एकटी व्यक्ती, समोर शस्त्रसज्ज सत्ता, ध्वजाच्या द्वारे त्या सत्तेला दिलेला असह्य नकार, आणि हाती बळ असूनही ते न वापरण्यात प्रकटलेले सत्ताधाऱ्याचे मोठेपण. ही कविता शिक्षेचे समर्थन करीत नाही. ती संयमाचे स्तोत्र गाते. सरन्यायाधीशांनी तीत ध्वज पाहिला, जॅक्सनचा हुकूम पाहिला नाही.

बहुमतपत्रही निर्दोष नाही. जळत्या ध्वजाला उत्तर म्हणून आपला ध्वज उंचवावा, हा ब्रेनन यांचा उपदेश उदात्त असला, तरी दुखावलेल्या माणसाच्या वेदनेची दखल त्यात फार झटपट आटोपते. ती गंभीरपणे घेतली आहे न्यायमूर्ती केनेडी यांच्या छोट्या सहमतिपत्राने. आपल्याला न आवडणारा निर्णयही कधी द्यावा लागतो, ही कबुली तेथे आहे. मात्र ब्रेनन यांनी नोंदलेला एक प्रसंग विसरता येत नाही. प्रेक्षकांपैकी एकाने त्या ध्वजाचे अवशेष गोळा केले आणि आपल्या परसात पुरले. निषेधाला शिक्षेवाचून देता येणारे याहून समर्पक उत्तर सुचणे कठीण. स्वातंत्र्याच्या मर्यादा यामुळे नाहीशा होत नाहीत. दुसऱ्याचा ध्वज पळविणे, आगीने जीवित धोक्यात घालणे, तत्काळ हिंसेस चिथावणे, हे गुन्हे मताचा विचार न करताही दंडनीय राहतात. पुढे काँग्रेसने केलेला ध्वजसंरक्षणाचा कायदाही १९९० मध्ये न्यायालयाने रद्द ठरविला आणि घटनादुरुस्तीचा प्रस्ताव २००६ मध्ये सिनेटमध्ये अवघ्या एका मताने पडला.

आपल्याकडील मार्ग वेगळा आहे. १९७१ च्या राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याने सार्वजनिक ठिकाणी ध्वज जाळणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र असा गुन्हा ठरविला आहे. मात्र वैध मार्गाने बदल घडविण्यासाठी केलेली टीका त्यातून वगळली आहे. १९८६ मध्ये राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभ्या राहणाऱ्या, पण न गाणाऱ्या केरळातील मुलांना आपल्या सर्वोच्च न्यायालयाने संरक्षण दिले. आणि २००४ मध्ये सन्मानाने ध्वज फडकविणे हे अभिव्यक्तीचेच अंग असल्याचे मान्य केले. या मान्यतेचा तार्किक परिणाम टाळता येणार नाही. फडकविणे जर बोलणे असेल, तर जाळणे हेही बोलणेच ठरते, मग ते कितीही कटू असो. तेव्हा आपल्यापुढील खरा प्रश्न ‘ही अभिव्यक्ती आहे काय?’ हा नसून, ‘हिच्यावरील निर्बंध एकोणिसाव्या अनुच्छेदाच्या अर्थाने वाजवी आहे काय?’ हा आहे. त्याचे उत्तर अमेरिकेच्या उत्तराहून भिन्न असू शकेल. परंतु ते देताना ध्वजदहनाला अर्थशून्य आरोळी म्हणण्याची पळवाट आपल्याला घेता येणार नाही. ज्याला शिक्षा करावयाची, त्याचे म्हणणे आधी ऐकू आले पाहिजे.