बाजार पडला म्हणजे थिअरी बरोबर ठरली का?

‘फॉल्सिफायेबल’ हा शब्द रिसर्च मेथडॉलॉजीच्या तासाला सगळेच वहीत उतरवतात. तो वापरायचा कसा, हे शिकायला मला शेअर बाजारातले संशयी लोक फार कामाचे वाटतात. माझा विषय अर्थशास्त्र नाही, तरीही जॉन कॅम्पबेल आणि रॉबर्ट शिलर यांचा १९९८चा पेपर मी ज्युनिअर्सना आवर्जून वाचायला देते.

त्यांचं माप सोपं आहे. निर्देशांकाला मागच्या दहा वर्षांच्या सरासरी कमाईने (महागाई धरून) भागायचं. हे गुणोत्तर ‘केप’ नावाने ओळखलं जातं. १९९६च्या शेवटी ते २८च्या आसपास होतं, जुनी सरासरी १५च्या आसपास. ३ डिसेंबर १९९६ला दोघांनी हे अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हपुढे मांडलं; दोनच दिवसांनी अध्यक्ष ग्रीनस्पॅन यांनी बाजाराच्या अविवेकी उत्साहाबद्दलचं ते गाजलेलं वाक्य उच्चारलं. पेपरमधला अंदाज आणखी धीट होता: दहा वर्षांत खऱ्या किमती सुमारे ४० टक्के घसरतील.

मार्च २०००नंतर बाजार कोसळला आणि शिलर द्रष्टे ठरले. इथेच थांबून आकडे बघा. इशाऱ्याच्या वेळी एस अँड पी ५०० होता ७४०च्या घरात. २००२च्या तळालाही तो ७७०च्या वर बंद झाला. महागाई धरली तर किंचित खाली, पण ४० टक्क्यांच्या जवळपासही नाही. आणि २००७च्या सुरुवातीला, म्हणजे दहा वर्षं भरली तेव्हा, महागाई वजा करूनही तो बराच वर होता. दिशासुद्धा चुकली!

कारण? केपची मोजणी १८८१पासून सुरू होते. १९९६पर्यंत ११५ वर्षं, म्हणजे एकमेकांवर न चढणारी दशकं जेमतेम ११. आलेखात ठिपके पुष्कळ दिसतात, पण १८८१-९१ आणि १८८२-९२ यांच्यात नऊ वर्षं सामाईक आहेत. एकाच प्लेटचे शंभर फोटो काढले म्हणून शंभर रेप्लिकेट होत नाहीत. शिवाय गुणोत्तर सरासरीकडे परतणार हे गृहीतक. २००८-०९चे काही महिने सोडले, तर तेव्हापासून ते जुन्या सरासरीच्या वरच राहिलंय.

आता दुसरा संशयी, जिम चॅनोस. २०००च्या ऑक्टोबरमध्ये त्याने एन्रॉनचा वार्षिक अहवाल वाचला. (हो, दाभोळवाली एन्रॉनच.) कंपनी गुंतवलेल्या भांडवलावर सुमारे ७ टक्के मिळवत होती आणि त्याच्या हिशेबाने ते भांडवल त्याहून महाग, बहुधा ९ टक्क्यांच्या जवळपास पडत होतं. त्याने शेअर शॉर्ट केला. २ डिसेंबर २००१ला कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. शेअर पडण्यात त्याचा फायदा होता, तेव्हा त्याचं म्हणणं डोळे मिटून घेऊ नये. पण आकडे कंपनीच्याच अहवालातले, कोणालाही तपासता येणारे. दावा एका कंपनीपुरता. त्यामुळे मला तो जास्त भक्कम वाटतो.

तरी कॅम्पबेल-शिलरना एक मान द्यायलाच हवा: त्यांनी आकडा आणि मुदत दोन्ही लिहून दिली. टीव्हीवर दरवर्षी ‘मोठी घसरण येणार’ सांगणारे हे कधीच करत नाहीत, म्हणून ते कधी चुकतही नाहीत.

शिलर यांचा डेटा एक्सेलमध्ये फुकट मिळतो. फक्त सुटी दशकं घेऊन रिग्रेशन चालवा, मग सुरुवातीचं वर्ष एकेकाने सरकवा आणि उतार किती हलतो ते कमेंटमध्ये टाका.